शनिवारची सही

आमच्या घरात देव्हारा नव्हता. बारामतीत वडिलांचा छोटा छापखाना होता, अजूनही आहे. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापली जायची, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पोट लग्नपत्रिकांवर चालायचं, पण वडिलांचा जीव पत्रकांत. पाण्याच्या पाळीचं पत्रक, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचं पत्रक, दारूबंदीचं पत्रक. जास्त छापल्या गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं ते 'आता माघार नाही'. मी पाच वर्षांची होते. कशातून माघार नाही ते मला माहीत नव्हतं, पण वाक्य आवडलं. अजूनही आवडतं.

अशा घरात वाढलेल्या मुलीला दोन गोष्टी लवकर येतात. राग नीट मांडता येतो आणि कुठल्याही गोष्टीत आरोपी शोधता येतो. तिसरी गोष्ट वडिलांनी शिकवायचा प्रयत्न केला होता. ते म्हणायचे, "पत्रकात शंका लिहायची न्हाय. शंका आसंल तर आधी जाऊन इचारायचं, मग छापायचं." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकूच येईनासं झालं होतं.

ती तिसरी गोष्ट मला शेवटी शिकवली ती इंदापूरच्या एका मावशींनी.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत फळांचा गर डबाबंद करणारा एक कारखाना आहे. तिथे पेरू, आंबे, डाळिंबं सोलायला आणि निवडायला चाळीस-पंचेचाळीस बायका आहेत. बऱ्याचशा इंदापूरच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या, काही भवानीनगरकडून येणाऱ्या. त्यांना आणायला-सोडायला कारखान्याची बस होती. त्या वर्षी पावसाळा उतरायला लागला आणि संध्याकाळची फेरी बंद झाली. कारण कुणी सांगितलं नाही. सकाळी बस आणायची. संध्याकाळी सुटल्यावर मात्र बायकांनी अंधारातून हायवेपर्यंत चालत जायचं आणि मिळेल त्या वडापच्या जीपला हात करायचा.

"आणायला बस हाय, सोडायला न्हाय," पत्रक छापून घ्यायला आलेली त्यांतली एक मला म्हणाली. "म्हंजी आमी काय आंबे हाय का? आत गेलो की सालच भाईर पडायची!"

मी ते वाक्य जसंच्या तसं पहिल्या पत्रकाच्या मथळ्यात टाकलं. बायका खूश झाल्या. तेव्हापासून माझं नाव 'पत्रकवाली' पडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता, पण तिथं आलेलं बायका वाचून पुढं ढकलायच्या. कागद त्या घडी करून घरी न्यायच्या, नवऱ्याला दाखवायच्या. म्हणून कागद.

या बायकांना एकत्र आणलं होतं मावशींनी. मावशी लाइनच्या सुपरवायझर. साठीला आलेल्या, बुटक्या, चालताना एक गुडघा जरा ओढणाऱ्या. यजमान साखर कारखान्यात फिटर होते, ते गेल्यावर त्या भवानीनगर सोडून इंदापुरात दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. मुलगी परदेशात. बस बंद झाल्यावर मॅनेजरला पहिल्यांदा भेटल्या त्या मावशीच. सुपरवायझर असून बायकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं.

त्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारची. बाकीच्यांची रविवारची. रविवारी थोड्या बायकांवर अर्धी लाइन चालायची, ती मावशी सांभाळायच्या. सगळ्या बायकांची पक्की समजूत होती की मावशींचा शनिवार मारुतीचा आहे. शुक्रवारी कुणी ना कुणी त्यांच्या हातात डबा ठेवायची, "उद्याच्याला उपास ना तुमचा? साबुदाना हाय, सकाळच्याला खावा." मावशी डबा घ्यायच्या आणि रविवारी धुऊन परत करायच्या. त्यांच्या घराच्या चौकटीवर उजव्या बाजूला बोटाएवढी एक पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. नव्या बायका ती बेल समजून दाबत बसायच्या. "वाजत न्हाय तुमची बेल," असं म्हणत आत यायच्या. मावशी म्हणायच्या, "वाजते, पण वर ऐकू जाते." आणि सगळ्या हसायच्या. मीही हसले होते. म्हणजे काय, हे मी विचारलं नव्हतं.

एका शनिवारी घाईघाईनं सभा ठरली. फेरी पुन्हा सुरू करावी असं निवेदन तयार होतं. मीच लिहिलं होतं. सोमवारी वरचे साहेब पुण्याहून येणार, त्याआधी ते मॅनेजरच्या टेबलावर हवं होतं. दुपारी इंदापुरातल्या एका समाजमंदिरात बायका जमल्या, सह्या झाल्या, सही न येणाऱ्यांचे अंगठे झाले. सगळ्यांत वरची ओळ मावशींसाठी मोकळी ठेवली होती. मावशी आल्या नाहीत. मी कागद घेऊन उन्हातून त्यांच्या घरी गेले.

त्यांनी मला बसवलं, थर्मासमधला चहा दिला. चहा आदल्या दिवशीचा लागत होता. निवेदन त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "सही उद्या देते."

"उद्या कशाला? आत्ता करा की. पेन आहे माझ्याकडे."

"आज पेन धरत नाही मी. शनिवार आहे."

"मावशी, शनिवार काय, दर आठवड्याला येतो."

"म्हणून तर."

"मग अंगठा द्या."

"अंगठासुद्धा सहीच असते, बाळा."

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. रस्ताभर माझं डोकं तापत गेलं. चाळीस बायकांनी सह्या केल्या. पोट सगळ्यांचंच होतं, भीती सगळ्यांनाच होती. आणि जिला सगळ्या मावशी म्हणतात, तिचा हात आज आखडला. सुपरवायझर शेवटी सुपरवायझरच. माझ्या वाचनात असे शंभर पुढारी येऊन गेले होते, ऐन वेळी ज्यांना दुसरं काम निघतं. हे सगळं माझ्या मनात इतकं तयार होतं की बारामतीची एसटी स्टँडवर लागेपर्यंत पत्रकही तयार झालं होतं.

वडील त्या दिवशी सोमेश्वरनगरला एका लग्नाला गेले होते आणि मंगळवारी येणार होते. ते असते तर मशीन सुरू होण्याआधी त्यांनी कागद वाचला असता. रविवारी मी एकटीनंच छापलं. नाव घेतलं नव्हतं. नाव न घेता नेमका माणूस कसा दाखवायचा हे मला चांगलं येतं. शेवटचं वाक्य होतं: 'सहीच्या दिवशी ज्यांचा हात आखडतो, तो हात एरवी कुणाच्या हातात असतो?'

सोमवारी सकाळी गेटवर वाटलं. दुपारपर्यंत लाइनवर मावशींशी कुणी बोलेना.

मंगळवारी वडील आले. खुर्चीत बसून त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"ही बाई सही का करीना, ते तू तिला इचारलंस का?"

"शनिवार आहे म्हणाल्या."

"बरं. मग शनिवारचं काय, ते इचारलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग ह्ये पत्रक न्हाय," वडिलांनी कागदाची घडी घालून तो माझ्याच हातात दिला. "ही चहाडी हाय. टाइप चांगला लावलास फक्त."

मला फार लागलं. आमच्या घरात याहून मोठी शिवी नव्हती.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी भाभींनी सांगितलं. भाभी लाइनवर डाळिंब सोलायच्या. त्यांच्या नवऱ्याचं इंदापुरात पंक्चरचं दुकान, मावशींच्या घरासमोरच. मी गेटबाहेर उभी होते, त्या सरळ माझ्याकडं आल्या.

"पत्रकवाली बाई, जरा इकडं या. तुमी शिकलेल्या ना?"

"का?"

"मग एवढं कळंना का तुमाला? मावशीचा शनिवार मारुतीचा न्हाय. त्या ज्यू हाईत. आमच्यात शुक्रवार, तुमच्यात सोमवार-गुरवार, तसा त्यांच्यात शनिवार. सूर्य मावळेपत्तुर काम न्हाय, चूल न्हाय, पेन न्हाय. मला म्हाईत हाय, कारण माझी सासू त्यांच्याकडं बसायला जायची. आणि दुसरं ऐका. रविवारी सकाळी त्यांनी सही केली, तुमी ठिवलेल्या वरच्या वळीवर. सोताच्या हातानं कागद मॅनेजरच्या टेबलावर ठिवला. तुमचं पत्रक गेटवर यायच्या आधी त्यांची सही आत पोचली हुती."

मी गेटमधून आत, लाइनकडं बघितलं.

"आता बायका म्हंत्यात, बोलणी करायला मावशी नको. आणि मॅनेजर म्हंतो, आधी तुमच्यात ठरवा, मग या. त्याला तर बरंच झालं," भाभी म्हणाल्या. "अन् मावशी काय करत्यात म्हाईत हाय? रोज सांजच्याला बायकांच्या मागनं बॅटरी घिऊन हायवेपत्तुर चालत्यात. कोण कुटल्या जीपमदी बसली, त्या जीपचा नंबर बघून ठिवत्यात. समद्या गेल्याबिगर हलत न्हाईत. आक्का तर त्यांच्याकडं बघत बी न्हाय. तरी आक्काला गाडी मिळूस्तवर थांबत्यात."

आक्का म्हणजे भवानीनगरकडून येणारी, लाइनवरची सगळ्यांत वयस्कर बाई. माझं पत्रक तिनं स्वतः चार जणींना वाचून दाखवलं होतं.

मी लगेच मावशींकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेले नाही. मी छापखान्यात बसून मसुदे केले. पहिला मसुदा जाहीर दिलगिरीचा. दुसऱ्यात दिलगिरी कमी आणि परिस्थितीचं विश्लेषण जास्त. तिसऱ्यात सगळा दोष कारखान्याच्या फोडाफोडीवर गेला. आठवडा गेला, मग आणखी चार दिवस. खरं सांगायचं तर माफी मागण्याबद्दल माझं डोकं फारसं चांगलं नव्हतं. 'माफ करा आणि विसरा' हे मी कायम वरच्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आमच्या पत्रकांत क्षमा हा शब्द बहुतेक अवतरणचिन्हांत यायचा.

बाराव्या दिवशी सकाळी छापखान्याच्या पायरीवर एक गुडघा ओढत मावशी चढल्या. इंदापूरहून एसटीनं आल्या होत्या, कामाची अर्धी सुट्टी टाकून. वडील उठून उभे राहिले. मी कागदांच्या रिमवर बसले होते, ती उठायला लागले.

"बस, बस," त्या मला म्हणाल्या. "माझं काम तुझ्याकडेच आहे. आमची दरफाळणी येतेय. तो आमचा मोठा उपासाचा दिवस. दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं आणि दिवसभर त्याच्याशी हिशेब. पण त्याच्याकडे जाण्याआधी माणसांकडे जावं लागतं. वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखवलं, त्याच्या दारात जायचं. म्हणून आले."

"माझ्याकडे?"

"तू उन्हातून आली होतीस. मी नुसतं शनिवार आहे म्हणून तोडून टाकलं. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर काय जीभ झिजली असती? पण मला वाटलं, सारखं काय समजावत बसायचं लोकांना. तो माझा ताठा. आणि पत्रक वाचल्यावर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चांगल्या, अलिबागच्या. माझी आजी द्यायची तसल्या. तर त्या दोन्हींसाठी माफ कर मला."

वडील तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघायला लागले. हसत होते की काय, मला कळलं नाही.

"मावशी, माफी मी मागायची आहे," मी म्हणाले.

"मग माग ना. मी कुठं अडवलंय?"

मी धडपडत उठले आणि मसुदा उचलला, चौथा की पाचवा. वाचायला लागले, 'आम्ही या पत्रकाद्वारे जाहीरपणे...'

"आम्ही कोण?" मावशींनी विचारलं.

मी कागद खाली ठेवला. "मी चुकले. तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल खोटं लिहिलं. मला माफ करा."

"केलं," त्या म्हणाल्या. इतक्या चटकन, की मला वाटलं संपलं. पण त्या पुढं बोलत होत्या. "माझ्यापुरतं केलं. पण तू त्या पंचेचाळीस जणींना खोटं वाचायला दिलंस. त्यांच्या हातून माझ्याशी अबोला धरवलास. ते माफ करणारी मी कोण? ती माफी त्यांच्याकडे आहे. आमच्यात तर देवसुद्धा दुसऱ्याच्या वाटची माफी परस्पर वाटत नाही. म्हणतो, माझं काही चुकवलंस तर माझ्याकडे ये, माणसाचं चुकवलंस तर आधी तिकडे जाऊन ये."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. माझा सगळा राग ज्या 'माफ करा आणि विसरा'वर होता, त्याचं उत्तर असं समोर बसून चहा पीत होतं.

"म्हणजे मॅनेजरलाही तुम्ही माफ करणार?" मी विचारलं. जुनी सवय.

"त्यानं मागितलीय कुठं?"

"आणि मागितली तर?"

"तर त्याला सांगेन, आधी बस, मग माफी. नुसत्या तोंडानं मागून होत नाही. मोडलं ते जोडायचं आणि पुन्हा मोडायचं नाही. त्याशिवाय ती माफी नव्हे, गप्प बसणं आहे. गप्प बसायला कुणी सांगितलंय?"

"आधी बस, मग माफी!" मी म्हणाले. माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

"लगेच छापू नकोस गं," मावशी म्हणाल्या, आणि आता वडील उघडपणे हसले.

मग त्यांनी निवांत सांगितलं. त्यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचा. शेजाऱ्यांना बाकी काही माहीत नव्हतं आणि यांनाही स्वतःबद्दल फारसं आठवत नव्हतं. पोथ्या हरवल्या होत्या, भाषा हरवली होती. शनिवार तेवढा राहिला. "मी काही फार धार्मिक नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचं पुष्कळ सुटतं माझ्याकडून. पण ज्याच्या जोरावर आमची माणसं टिकली, तो शनिवार कसा सोडू? तिरकी नळी दाबतात ना पोरी, त्यात देवाच्या शब्दांचाच कागद आहे. बघ, आमच्यातही पत्रकं असतात."

मी विचारलं, जे मला खरंच कळत नव्हतं. बायका बोलत नसताना त्या रोज बॅटरी घेऊन मागं का चालतात?

"आमच्या एका फार जुन्या पुढाऱ्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती," त्या म्हणाल्या. "त्यानं लोकांना गुलामीतून बाहेर काढलं आणि वाळवंटातून घेऊन निघाला. लोक कसले, रोज कुरकुर. पाणी नाही, भाजी नाही, यापेक्षा तिकडं बरं होतं. एकदा तर त्याच्यावर दगडच उचलले. डोंगरावर देव चिडला, म्हणाला, यांना टाक, तुझ्यापासून नवी माणसं करतो. तो म्हणाला, नको. यांना टाकणार असशील तर मलाही टाक. पण डोंगरावरून खाली उतरल्यावर त्यानं त्याच लोकांना असं झापलंय म्हणतेस! वर गेला की लोकांची बाजू घ्यायची, खाली आला की त्यांच्या चुका सांगायच्या." त्यांनी कप खाली ठेवला. "आपल्याकडं बहुतेक उलटं करतात. लोकांपुढं गोड आणि वर गेले की गप्प. मला काही एवढं मोठं जमणार नाही. मला बॅटरी धरता येते."

दुसऱ्या दिवशी मी लोणी देवकरला गेले. हातात कागद नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा गेटवर रिकाम्या हातानं उभी होते आणि हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. सुट्टी झाली, बायका बाहेर आल्या.

"आगं बया, पत्रकवाली बिनपत्रकाची!"

"शाई संपली का काय?"

मी बोलले. सभेत दुसऱ्यांसाठी बोलताना माझा आवाज कधी कापत नाही, तेव्हा कापला. मावशींना न विचारता मी लिहिलं, ते खोटं होतं, त्यांची सही माझं पत्रक गेटवर यायच्या आधी आत पोचली होती, मी तुम्हाला फसवलं. एवढंच. कारखान्याबद्दल एक शब्द बोलले नाही. ते फार जड गेलं.

मग एक म्हणाली, "म्हंजी आमचा साबुदाना मारुतीला पोचलाच न्हाय का?" आणि हशा फुटला. "मावशी, बोलायचं न्हाय व्हय आमाला? इतकी वर्सं!" मागं उभ्या मावशी म्हणाल्या, "खिचडी चांगली असायची गं. कशाला बोलू?"

बहुतेकींनी तिथल्या तिथं 'जाऊ दे, झालं गेलं' म्हटलं. कुणी माझ्या पाठीवर थापटलं, कुणी "पुन्यांदा आसं करू नगंस" म्हणून दम दिला. आक्का मात्र पदर खोचून पुढं आली.

"मी न्हाय करत माफ," ती म्हणाली. "तुझं ऐकून मी म्हातारीनं त्या बाईकडं बघायचं सोडलं. अंधारात ती माज्यामागं उजेड धरून चालायची आन् मी मागं वळून बगायची न्हाय. माज्या तोंडाला काळं लागलं ते तुज्या शाईचं. जा."

मी गेले. एसटीत वाटलं, मागितली तेवढी पुरे. मग आठवलं, निघताना मावशी म्हणाल्या होत्या, "समोरच्यानं नाही म्हटलं तर पुन्हा जायचं. तीनदा. एकदा गेलं की आपलं ओझं उतरतं, दुसऱ्याचं नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आक्का म्हणाली, "आज बी न्हाय." तिसऱ्या दिवशी गेले. ती गेटबाहेरच्या दगडावर चप्पल झटकत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस का? तंगड्या दुखत न्हाईत का तुज्या?"

"दुखतात."

"मग बस हितं." ती सरकली. मी बसले. मग मावशी आपली बॅटरी घेऊन बाहेर आल्या, तशी आक्का उठली आणि त्यांच्या हातातून बॅटरी काढून घेतली. "द्या हिकडं. गुडघा धड न्हाय तुमचा. आजपासनं मी म्होरं, तुमी मदी." माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पत्रकवाली, चल तू बी. माफ केलं म्हंतीय न्हवं."

ती म्हणाली नव्हती. पण मी चालायला लागले.

मावशींना बायकांनी बोलणीसाठी पुन्हा पुढं केलं. मॅनेजरनं तारीख दिली, आणि ती नेमकी दरफाळणीचीच निघाली. त्याला ते माहीत होतं असं मला वाटत नाही. माझ्या आतली पत्रकवाली मात्र लगेच म्हणाली, मुद्दाम केलंय! या वेळी मी आधी जाऊन विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी मावशींना निरोप द्यायला निघाले, तोवर बायकांनीच उत्तर पाठवलं होतं. आक्का मॅनेजरच्या दारात जाऊन बोलली, ते भाभींनी मला हुबेहूब करून दाखवलं, "त्या दिशी न्हाय जमायचं, सायेब. आमच्या मावशीचं दार बंद आस्तंय. तिचं बंद म्हंजी आमचं बी बंद. दुसऱ्या दिशी बोला."

मॅनेजरनं तारीख एक दिवस पुढं नेली.

दरफाळणीच्या आदल्या दिवशी, सूर्य कलला असताना मी त्यांच्या घरावरून गेले. पांढरी साडी नेसून मावशी दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून मान हलवली, नळीला बोट लावून ते ओठांना लावलं आणि दार ओढून घेतलं. समोर भाभींचा नवरा टायरमध्ये हवा भरत होता. त्यानं रेडिओचा आवाज बारीक केला.

उपासाचा दिवस सरल्यावर दुसऱ्या सकाळी दार उघडलं तेव्हा दारात आम्ही सहा-सात जणी होतो. तो त्यांचा शिळा सण, मोठ्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी माणसांना भेटायचा आणि वाटायचा. परातीत मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर केळ्याच्या चकत्या. आक्का तिसऱ्यांदा हात पुढं करत म्हणाली, "ह्ये तर आमच्यागतच हाय की." मावशी म्हणाल्या, "मग कुणासारखं असणार?"

मग त्या कारखान्यात गेल्या, आक्का आणि भाभींना घेऊन. आत काय झालं ते मी ऐकीव सांगू शकेन, पण आता ऐकीव लिहायचं मी टाळते. बाहेर आल्यावर भाभींनी दोन बोटं दाखवली. संध्याकाळची फेरी सुरू होणार, पण दोनच थांबे. भवानीनगरच्या फाट्याचा थांबा अजून मिळाला नव्हता. आक्काला आणखी काही दिवस वडापनंच जावं लागलं. तिला गाडी मिळेपर्यंत बस थांबवून ठेवायची, हे बायकांनी ड्रायव्हरला परस्पर सांगून टाकलं, आणि ड्रायव्हरनं ते परस्पर ऐकलं.

फाट्याच्या थांब्यासाठीचं निवेदन मीच लिहिलं. त्यावर सह्या गोळा झाल्या तो दिवस पुन्हा शनिवारच होता, कारण बायकांना दुसरा दिवस जमत नव्हता. कागद फिरत फिरत माझ्याकडे आला तेव्हा सगळ्यांत वरची ओळ कोरी होती आणि तिच्या शेजारी आक्कानं आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मावशी. रविवारी.'

मी कागदाची घडी घातली आणि रविवारची वाट बघितली.